चार तिकिटं, एक क्यूआर आणि गेटबाहेर राहिलेले दोघं

प्रश्न निपाणीच्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: पुण्यातल्या एका मोठ्या कॉन्सर्टची चार तिकिटं त्यानं स्वतःच्या फोनवरून काढली. दोन मित्र लवकर पोचले म्हणून त्यांना स्क्रीनशॉट पाठवला, ते आत गेले. मागून हा आणि त्याची बहीण गेटवर गेले तर मशीन लाल, 'आधीच वापरलेलं'. दीड तास बाहेर उभं राहून दोघं परत आले. पैसे मिळतील काय, चूक कुणाची, पूर्वी असं व्हायचं काय, पूर्वी लोक गाण्याला जायचे तरी कसे, आणि आता वडिलांना (वय ७१, फोन साधा बटणांचा) हुबळीला शास्त्रीय गाण्याला न्यायचंय तर काय काळजी घेऊ.

मी बेळगावात १९८७ पासून तिकीटविक्री आणि दारावरचं काम बघत आलेय. आधी गणपत गल्लीत अप्पांच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात, तिथंच नाटकांच्या आणि गाण्यांच्या तिकिटांचा प्लॅन असायचा, आणि आता कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, गोवा या पट्ट्यात कुणाचा कार्यक्रम असला की गेटचं सगळं लावून देते. तेव्हा दोन्ही बाजू बघितल्यात म्हणून जरा लांब लिहिते, वेळ काढून वाचा.

तुमचं प्रकरण आधी. एका बुकिंगमध्ये चार तिकिटं काढली की दोन प्रकार असतात. काही ठिकाणी चार वेगळे क्यूआर येतात, काही ठिकाणी एकच येतो आणि खाली बारीक अक्षरात 'प्रवेश ४' असं लिहिलेलं असतंय. तुमच्या सांगण्यावरून तुमचा दुसरा प्रकार. तो क्यूआर म्हणजे नुसता एक लांबलचक नंबर, त्यात तुमचा चेहरा नाही की नाव नाही. गेटवरच्या पोराच्या हातातलं मशीन तो नंबर यादीत शोधतं, सापडला आणि कोरा असला तर हिरवं होतं आणि विचारतं किती जणांना आत घेऊ. इथं त्या पोरानं दोन दाबायला पाहिजे होतं. पण मागं दोन-तीनशे माणसं रेटायलेत, आत साउंडचेकचा ढोल वाजायलाय, स्क्रीनवर आधीच 'चार' आलेलं आहे, त्यानं ते तसंच ओके केलं. तुमचे मित्र आत गेले दोघं, यादीत गेले चौघं. हे मी गेटवर उभं राहून डोळ्यांनी तीन वेळा बघितलंय, म्हणून इतकं ठामपणे सांगतेय.

अशा वेळी त्या पोराशी वाद घालून उपयोग नसतो, त्याच्या हातात लाल-हिरवं सोडून काही नाही. गेट सुपरवायझर कोण ते विचारायचं किंवा सरळ बॉक्स ऑफिसच्या टेबलाकडं जायचं. त्यांच्याकडच्या लॉगिनमध्ये तुमचा बुकिंग नंबर टाकला की कुठल्या गेटवर, किती वाजता, किती जण आत घेतले ते दिसतं. चौघं एकाच सेकंदाला आत गेलेले दिसले आणि तुम्ही नावाचं ओळखपत्र, कन्फर्मेशनचा मेल, कार्डाचे शेवटचे चार आकडे दाखवलेत की शहाण्या माणसाला चूक कळते. रिस्टबँड देत असतील तर अजून सोपं, मित्रांना आतून गेटपर्यंत बोलवायचं आणि सांगायचं, बघा चारातले दोनच पट्टे आमच्याकडं आलेत. दीड तास बाहेर काढलात त्यातली दहा मिनिटं त्या टेबलाशी गेली असती तर बहुतेक आत गेला असतात, हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय.

पैशाचं स्पष्ट सांगते, पूर्ण मिळतील असा भरवसा मी देणार नाही. स्क्रीनशॉट पाठवणं ही तुमची चूक, सगळ्यांच्या अटींत कोड दुसऱ्याला दिला तर जबाबदारी तुमची असं लिहिलेलं असतं. पण न बघता चार दाबणं ही त्यांची चूक. म्हणून आज बसून एक मेल लिहा, रडगाणं नको, राग नको, चारच ओळी: बुकिंग नंबर, दोघांनाच प्रवेश मिळाला, स्कॅनची नोंद (गेट, वेळ, संख्या) लेखी द्या, आणि उरलेल्या दोन तिकिटांची रक्कम परत करा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथं तक्रार नोंदवा. तरी नाही जमलं तर ग्राहक आयोग. लोकांना वाटतं पुण्याच्या कार्यक्रमाची तक्रार करायला पुण्याला खेपा माराव्या लागणार, तसं नाहीये. २०१९ चा नवा ग्राहक कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला, त्यात तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडं जाता येतं, म्हणजे तुम्हाला बेळगाव. आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लावायलाच पाहिजे असंही नाही.

आणि एक, हल्ली काही तिकिटांचा कोड दर काही सेकंदांनी आपोआप बदलतो, तिथं स्क्रीनशॉट म्हणजे जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा. अशा तिकिटाला अॅपमध्ये 'ट्रान्सफर' नावाचं बटण असतंय, मित्राचा नंबर टाकायचा आणि त्याचं तिकीट त्याच्या फोनवर पाठवून द्यायचं, मग तो कधी का पोचेना. आणि तिकीट मिळाल्याच्या आनंदात स्टेटसला फोटो टाकू नका. चिक्कोडीच्या एका मुलीनं टाकला होता, नाव बोटानं झाकलेलं, क्यूआर उघडा. स्टेटस बघणाऱ्या कुणीतरी झूम करून घेतला आणि हिच्या आधी अर्धा तास आत जाऊन बसला. ती गेटवर माझ्यासमोर उभी होती, नवा ड्रेस घातलेला, हातात चाफ्याची फुलं. नोंदीत तिचा कोड आधीच आत गेलेला आणि आत कोण बसलाय ते पाच हजार माणसांत शोधायचं कसं? आयोजकांना विनंती करून मी तिला आत सोडली, पण प्रत्येक गेटवर असं जमेल असं नाही.

आता पूर्वीचं.

पूर्वी घोटाळे व्हायचे, आतापेक्षा जास्तच व्हायचे. फरक एवढाच की घोटाळा झाला की तो निस्तरणारा माणूस तिथंच, तुमच्या समोर, टेबलाच्या पलीकडं बसलेला असायचा. प्लॅन म्हणजे थिएटरातल्या खुर्च्यांचा नकाशा, मोठ्या ड्रॉइंग पेपरवर, एका खुर्चीला एक चौकोन. तिकीट फाडलं की त्या चौकोनावर निळ्या पेन्सिलीची फुली. फोनवर कुणी 'दोन ठेवा गा' म्हटलं तर साध्या पेन्सिलीनं आडनावाचं पहिलं अक्षर, आणि ठरल्या वेळेपर्यंत माणूस आला नाही तर खोडरबर. कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत तो कागद खोडून खोडून इतका झिजायचा की पुढच्या मधल्या रांगा उजेडात धरल्या तर आरपार दिसायच्या. मागच्या कडेच्या खुर्च्या मात्र कोऱ्या करकरीत. कुठली खुर्ची लोकांना हवी असते ते मी त्या कागदाकडं बघून शिकले.

एक प्लॅन गणपत गल्लीत आणि गर्दीचा कार्यक्रम असला की दुसरा टिळकवाडीत. दोन ठिकाणी एकच खुर्ची विकली जाऊ नये म्हणून दुपारी एक पोरगा सायकलवरून आकडे नेऊन द्यायचा. जुलैतला बेळगावचा पाऊस तुम्हाला माहितीये, एकदा त्याच्या शर्टाच्या खिशातली चिठ्ठी भिजून शाई पसरली आणि चौदा खुर्च्या दोनदा विकल्या गेल्या. संध्याकाळी अप्पांनी वाचनालयातून बाकडी मागवून आणली, पहिल्या रांगेच्या पुढं टाकली आणि चौदा घरच्या माणसांसारख्या ओळखीच्या लोकांना हात जोडून तिथं बसवलं. तक्रार एकानंही केली नाही, उलट गायकाच्या इतक्या जवळ बसायला मिळालं म्हणून त्यातले काही जण नंतर कित्येक वर्षं बाकड्यावरच बसवा म्हणायचे.

छपाईचा घोटाळा वेगळाच. तिकिटं ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर छापायचे, अक्षरांचे शिशाचे खिळे झिजलेले. रांगांना क, ख, ग अशी अक्षरं. झिजलेल्या खिळ्यात घ आणि ध यांच्यात फरक राहत नाही, नीट बघा दोन्ही अक्षरं, वरच्या रेघेचाच काय तो फरक. चौथ्या रांगेचे लोक आणि पार मागच्या रांगेचे लोक एकाच खुर्चीवर हक्क सांगायला लागले, आणि प्रत्येकाचं तिकीट खरं. त्यात दारावर मदतीला कॉलेजची कन्नड पोरं, गुणी पोरं, पण देवनागरी आकडे सवयीचे नाहीत. आपला एक त्यांना इंग्रजी नऊसारखा दिसायचा, मग एक नंबरच्या आजोबांना नऊ नंबरवर नेऊन बसवलेलं. त्या वर्षापासून आम्ही तिकिटावर आकडे इंग्रजी आणि मजकूर मराठी-कन्नड दोन्ही असं ठरवलं, ते आजतागायत. आपल्या भागात हे करायलाच पाहिजे. गाण्याला बसणारी माणसं दोन्ही भाषांची असतात, आणि धारवाडचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर एकाच बैठकीत ख्यालानंतर कन्नड वचन, म्हणजे शरण संतांची पदं गायचे तेव्हा सतरंजीवर कोण कुठल्या भाषेतला ते कुणी विचारत नव्हतं.

मनिऑर्डरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. बाहेरगावचे लोक मनिऑर्डर करून तिकीट मागवायचे, आम्ही पाकिटातून पोस्टानं पाठवायचो. १९८९ चा पावसाळा. गोकाकचे एक गृहस्थ आणि त्यांच्या बायको कार्यक्रमाच्या संध्याकाळी दारावर आले, तिकीट पोचलंच नव्हतं, हातात फक्त पोस्टाची पावती आणि तीही ओली. डोअरकीपर सोडेना. अप्पा दुकानातली वही घेऊन आले. मनिऑर्डरच्या फॉर्मच्या खाली निरोपाचं कुपन असायचं, ते पैसे घेणाऱ्याकडं राहायचं, अप्पा ती सगळी कुपनं वहीत चिकटवून ठेवायचे. अप्पांनी वही छातीशी धरली आणि विचारलं, कुपनावर काय लिहिलं होतंत सांगा. ते गृहस्थ बायकोकडं बघून जरा थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, 'शक्यतो पुढची दोन द्यावीत, मिसेसना थोडं कमी ऐकू येतं.' अप्पांनी वही मिटली आणि स्वतः त्यांना हाताला धरून दुसऱ्या रांगेपर्यंत नेलं. तिकिटाचं पाकीट त्यांना तीन दिवसांनी मिळालं. ती दोन्ही तिकिटं त्यांनी न फाडता आम्हाला परत पाठवली, तुमच्या हिशेबाला लागतील म्हणून.

आणि खरंच लागायची. करमणूक कराचं खातं होतं ना. तिकीटपुस्तकं आधी त्यांच्या ऑफिसात नेऊन शिक्का मारून आणायची, कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत ते लिहून द्यायचं, नंतर विकलेल्यांच्या स्थळप्रती, म्हणजे पुस्तकात राहिलेले अर्धे भाग, आणि न विकलेली पुस्तकं असा ताळा जुळवायचा. एक तिकीट कमी पडलं तर अप्पा रात्री जेवायचे नाहीत. मोठ्या लोकांच्या कार्यक्रमाला हा कर माफ करायचा काय हा वादही जुना आहे, मायकल जॅक्सनचा मुंबईतला कार्यक्रम झाला १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये आणि त्याच्या करमाफीचं प्रकरण महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं संपवलं २०२१ मध्ये. २०१७ ला जीएसटी आला आणि शिक्के गेले. आता गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की लागतो. आमच्या भागातल्या छोट्या मंडळांची तिकिटं पाचशेच्या आत का असतात त्याचं एक कारण हेही आहे.

पण तुम्ही विचारलंय लोक गाण्याला कसे जायचे, त्यातला सगळ्यात मोठा बदल तिकिटात नाही, घड्याळात झालाय. आमच्या वेळी बैठक रात्री साडेनऊला सुरू व्हायची आणि पहाटे संपायची. डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला बेळगावातून लोक जायचे ते सतरंजी, कानटोपी, थर्मास आणि शेंगाचटणी-भाकरी घेऊन. सवाई गंधर्व मूळचे कुंदगोळचे, आपल्या धारवाडच्या बाजूचे, त्यांच्या पश्चात १९५३ पासून तो महोत्सव सुरू झाला, तेव्हा आम्हाला ते आपल्याच घरचं कार्य वाटायचं. तिकीट भारतीय बैठकीचं. रात्री दोनच्या सुमारास आजूबाजूची निम्मी माणसं बसल्या बसल्या डुलक्या काढायची, आणि कुणीतरी षड्ज, म्हणजे 'सा', असा लावायचा की सगळी एकदम ताठ व्हायची. शेवटच्या दिवशी शेवटी भीमसेनजी, तोवर उजाडलेलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मंडपाच्या कापडातून सकाळ आत येताना बघितली आणि त्याच वेळी ते गात होते, ते दोन्ही मला अजून वेगळं करता येत नाही.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कडक केले, रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर नाही. वर्षातल्या ठरावीक दिवसांना बारापर्यंत सूट देता येते, तेवढीच. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, दवाखान्याशेजारी राहणाऱ्याला विचारा. पण त्यानं काय गेलं तेही सांगायला पाहिजे. मध्यरात्रीचा दरबारी, उत्तररात्रीचा मालकंस, पहाटेचा ललित, हे राग मंचावरून त्यांच्या वेळेला ऐकणं जवळजवळ संपलं. तिशीच्या आतल्या किती जणांनी समोर बसून, पहाटेच्या थंडीत ललित ऐकलाय? काही मंडळं आता पहाटे सहाला प्रातःकालीन मैफल ठेवतात, तिथं आवर्जून जा. मिरजेला मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाण्याची सभा भरते, तिथं तर तिकीटच नाही, आपल्या कागवाड-अथणीकडचे लोक पिढ्यान् पिढ्या जातात. ज्याला गाण्याला जाणं काय असतं ते बघायचंय त्यानं एकदा तिथं जाऊन बसावं.

दुसरा बदल अंतराचा. पूर्वी नाटक आणि गाणं आपल्याकडं यायचं. कोल्हापूर, बेळगाव, मग गोवा असा दौरा असायचा, तिकीट घ्यायला खाली बाजारात गेलं की झालं. आता मोठं काही असलं की आपण जायचं, पुणे साडेतीनशे किलोमीटर, मुंबई त्याहून लांब. कोल्हापूर जवळचं होतं, पण तिथलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं, जुने लोक पॅलेस थिएटरच म्हणायचे. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. आमच्याकडं त्या सकाळी घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

लांबच्या तिकिटात आपल्या लोकांचे घोटाळेही लांबचे. बालगंधर्व म्हटलं की पुण्याचं की मिरजेचं? दोन्हीकडं त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. रायबागच्या एका कुटुंबानं नुसतं 'बालगंधर्व, सायंकाळी साडेपाच' वाचून तिकीट काढलं आणि पाचला मिरजेला जाऊन उभे राहिले, कार्यक्रम पुण्यात. तेव्हा गावाचं नाव, तारीख, वार तिन्ही वाचा, आणि वार तारखेशी जुळतो काय तेही बघा, निम्म्या चुका तिथंच सापडतात.

आणि सीमेवर राहणाऱ्यांचं एक वेगळंच. तिकीट हातात, खुर्ची ठरलेली, आणि सकाळी कळतं की भाषा-सीमेच्या वादानं दोन्ही राज्यांच्या बस बंद. डिसेंबर २०२२ ला झालं, फेब्रुवारी २०२५ ला पुन्हा झालं. त्या फेब्रुवारीत आमच्या एका कार्यक्रमाला कोल्हापूर-कागलकडची सव्वीस माणसं यायची होती. मी आयोजकांना म्हटलं, हे पैसे आपण ठेवायचे नाहीत. फोन करून प्रत्येकाला विचारलं, परत हवेत की पुढच्या कार्यक्रमाला धरू. बावीस जण म्हणाले पुढच्याला धरा. हे मला करता आलं कारण त्यांचे नंबर माझ्या वहीत होते. मोठ्या साइटवरून तिकीट विकलं की रसिकाचा नंबर बऱ्याचदा आयोजकाला मिळतच नाही, तो साइटकडं राहतो, मग गाडी बंद पडली काय आणि बस बंद पडली काय, बोलायचं कुणाशी? म्हणून आपल्या भागातल्या आयोजकांना माझं कायम सांगणं असतंय, ऑनलाइन विका, खुशाल विका, पण थोडी तिकिटं दुकानात ठेवा आणि दारावर एक माणूस असा उभा करा ज्याला 'सोडा यांना आत' म्हणायचा अधिकार आहे. एकच माणूस. तेवढ्यानं तुमच्यासारखे दोघं बाहेर राहत नाहीत.

मोठ्या कॉन्सर्टचं गणित मात्र आपल्या हातात नाही. २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी कोल्डप्ले या इंग्लिश बँडच्या मुंबईतल्या कार्यक्रमांची विक्री उघडली, तिकीट अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. माझा भाचा टिळकवाडीत तीन फोन आणि एक लॅपटॉप मांडून बसला होता, आणि रांगेत नंबर आला लाखांत. थोड्या वेळात तीच तिकिटं दुसऱ्या साइटवर कितीतरी पट किमतीला दिसायला लागली, काही तर लाखांत. त्यानं तिकडं जायचं ठरवलं तेव्हा मी हात धरला. अशा ठिकाणी बऱ्याचदा विकणाऱ्याकडं तिकीट नसतंच, मिळालं तर देऊ असा तो सट्टा असतो, आणि मूळ विक्रेत्यानं आधीच सांगितलं होतं की बाहेर घेतलेलं तिकीट बाद करू. सिनेमाच्या ब्लॅकवाल्याला पोलिस पकडायचे ते तुमच्या वडिलांनी बघितलं असेल, कॉन्सर्टच्या ऑनलाइन ब्लॅकला तसा नेमका कायदा अजून नाही. कायदा होईपर्यंत आपण घेणं थांबवणं एवढंच आहे. भाच्यानं नंतर अहमदाबादचा कार्यक्रम घरी मोबाइलवर लाइव्ह बघितला, २६ जानेवारी २०२५ चा, आणि मी पण शेजारी बसले होते. खरं सांगते, हजारो माणसांच्या मनगटावरचे दिवे एका तालात लागताना बघून मलाही भरून आलं. माझ्या पिढीतले लोक म्हणतात की आताची पोरं ऐकत नाहीत, नुसती शूटिंग करतात. मला ते पटत नाही. आम्ही पण खुर्चीखाली टेपरेकॉर्डर ठेवून बसायचो आणि कॅसेट उलटायच्या वेळी नेमकी चांगली जागा निघून जायची. फक्त हात वर करून फोन धरला की मागच्याला दिसत नाही, तेवढं बघा.

आता वडिलांचं. हुबळीचा कार्यक्रम ऑनलाइन असला तरी आयोजक मंडळाला फोन करून बघा, शास्त्रीय गाण्याची बरीच मंडळं अजून फोनवर नाव लिहून घेतात किंवा कुठल्या दुकानात तिकीट ठेवतात. नसेल तर तुम्ही काढा, पण दोन वेगळे क्यूआर येतायत काय ते पैसे भरायच्या आधी बघा, येत नसतील तर एक-एक करून दोन बुकिंग करा. वीस-तीस रुपये फी जास्त जाईल, जाऊ दे. खुर्ची पहिल्या रांगेची घेऊ नका, मान वर करून तीन तास बसवत नाही आणि कडेचे स्पीकर कानावर येतात. पाचवी ते दहावी रांग, आणि मधल्या वाटेला लागून, म्हणजे गुडघा लांब करता येतो आणि मध्येच उठावं लागलं तर कुणाला ओलांडायला नको. निपाणीहून हुबळी दीडशे किलोमीटरच्या पुढं आहे, कारखाने चालू असतील तर हायवेला उसाच्या ट्रॉल्या असतात, वेळेच्या दीड तास आधी पोचाल असं निघा. थिएटरचा एसी म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही, शाल घ्या. मध्यंतरात रांग लागते त्याआधी पाणी आणि बाथरूम उरकून घ्यायला सांगा.

आणि त्यांच्या तिकिटाची प्रिंट काढा. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं पाच-दहा रुपयांत मिळते, क्यूआर न मोडता घडी घालायची. ती तुमच्या खिशात ठेवू नका, त्यांच्या शर्टाच्या खिशात द्या. रांगेत तुमच्या पुढं त्यांना उभं करा आणि दारावरच्या माणसाला ती त्यांनाच दाखवू दे.